गावातल्या दवाखान्याची सेवा चांगली आहे, हे कशावरून ठरवावे?

गिरणाकाठ (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. चाळीसगाव आणि पाचोरा यांच्या मधल्या पट्ट्यात गिरणेच्या काठी आमचे गाव आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, खाजगी डॉक्टरांचे दवाखाने आहेत आणि आजूबाजूच्या लहान खेड्यांतले लोकही बाजाराच्या दिवशी इथेच येऊन तपासून घेतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने असे ठरवले आहे की, या सर्व ठिकाणी मिळणाऱ्या सेवेविषयी घरोघरी जाऊन विचारपूस करावी, जे समजेल ते प्रथम त्या त्या डॉक्टरांसमोर ठेवावे आणि सुधारण्याजोगे काही असेल तर ते त्यांच्याशी बोलूनच सुधारून घ्यावे. कोणाला बदनाम करण्याचा हेतू मुळीच नाही, कारण हेच डॉक्टर उद्याही आपल्याला लागणार आहेत.

अडचण आहे ती प्रश्न कोणते विचारावेत ही. पारावर सहज चौकशी केली तेव्हा उत्तरे साधारण एकाच प्रकारची मिळाली. अमक्यांच्या हाताला गुण आहे, तमक्यांकडे एका सुईत ताप उतरतो, त्यांच्याकडे बसायला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते, ते उधारी ठेवतात, रात्री दार वाजवले तरी उठतात. यांतली शेवटची गोष्ट माझ्या मते खरोखर मोलाची आहे. बाकीच्या गोष्टींवरून मात्र उपचार योग्य होता की नाही, हे कळत नाही. ताप उतरला हे खरे. परंतु तो सुईमुळे उतरला की तसाही उतरणारच होता, हे रुग्णाने कसे ओळखावे?

मला असे वाटते की, लोकांना 'डॉक्टर कसे आहेत?' असे विचारण्याऐवजी 'तुम्ही गेलात तेव्हा काय काय घडले?' असे विचारावे. मत विचारले की माणूस भिडेखातर चांगलेच सांगतो, किंवा एखाद्या जुन्या रागापोटी वाईट सांगतो. घडलेली गोष्ट विचारली तर सांगणाऱ्यावर दडपण येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही काही हाती लागते. पण नेमके काय घडायला हवे, याचे ज्ञान आमच्यापैकी कोणालाच नाही. मी शिक्षक होतो, मंडळातले बाकीचे शेतकरी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक माजी ग्रामसेवक आहेत. येथे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते असे जाणकार लिहितात, म्हणून हा धागा काढला आहे.

सेवानिवृत्त_धुळे

गुरुजी, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी शासकीय सेवेत वैद्यकीय अधिकारी होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षे धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांत गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी तपासावी, याची एक मांडणी एव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली केली आणि ती आजही वापरली जाते. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. दवाखान्यात साधने, माणसे आणि जागा कशी आहे ही झाली रचना; रुग्ण आल्यावर त्याच्यासाठी काय केले गेले ही प्रक्रिया; आणि शेवटी रुग्णाचे काय झाले हा परिणाम. आपले लोक बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर बोलतात. इमारत नवी आहे, फरशी चकचकीत आहे, किंवा माझी आई बरी झाली. मधली गोष्ट कोणी पाहत नाही, कारण ती दारामागे घडते. आपल्या सर्वेक्षणाने तिच्यावरच भर द्यावा, असे मला मनापासून वाटते.

परिणामावरून निकाल का लावू नये, तेही सांगतो. साधा विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवसांत बहुधा आपोआप उतरतो. रुग्ण पहिले दोन दिवस घरीच काढतो आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. त्या दिवशी जो कोणी जे काही देईल, त्याला श्रेय मिळते. उलट, एखाद्या डॉक्टराने डेंग्यूची शंका वेळेवर ओळखली, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिनसारखी औषधे टाळून फक्त पॅरासिटामॉल दिले, रक्त तपासायला पाठवले आणि पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले तर ताबडतोब या असे बजावले, तर त्याने उत्तम वैद्यक केलेले असते. पण रुग्ण घरी जाऊन सांगतो की, डॉक्टरांनी काही दिलेच नाही.

म्हणून विचारायचे ते असे. बोलणे पुरते होईपर्यंत डॉक्टरांनी ऐकले का? आधीचे आजार, चालू असलेल्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी हे विचारले का? बाईमाणूस असेल तर गरोदरपणाविषयी विचारले का? अंगाला हात लावून तपासले का? काय झाले असावे ते समजेल अशा शब्दांत सांगितले का? खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांचा असेल तर थुंकी तपासायला सांगितली का? क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे 2012 पासून खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे, तरीही महिनोन्महिने खोकल्याचे औषध पिऊन शेवटी आमच्याकडे आलेली माणसे मी पाहिलेली आहेत, आणि तोवर घरातल्या लहान मुलांनाही लागण झालेली असे.

यावलची_लेक

मी पुण्यात नोकरी करते आणि आईवडील यावल तालुक्यात असतात. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. त्यांचे नेहमीचे डॉक्टर इतके गोड बोलतात की, त्यांच्याविषयी घरात शब्द काढलेला वडिलांना चालत नाही. मात्र तिथे केसपेपर नाही, आधीच्या तपासण्यांची नोंद नाही, आणि गोळ्या तेच त्याच कागदी पुडीत बांधून देतात. मला फोनवर वडील सांगतात, 'एक पांढरी सकाळी आणि एक गुलाबी रात्री.' मागच्या वर्षी त्यांना जळगावला दाखवण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चालू औषधांची नावे विचारली आणि आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

त्यांच्याच गावाशेजारी दुसऱ्या एक डॉक्टर आहेत. त्या फार बोलत नाहीत, उशीर झाला तर रागावतात, पण प्रत्येक रुग्णाची वही ठेवायला लावतात आणि तिच्यात तारीख, वजन, रक्तदाब, औषधाचे नाव सर्व लिहितात. मी आईला त्यांच्याकडेच नेते. वागणूक आणि उपचार या दोन गोष्टी आपण प्रश्नावलीत वेगळ्या ठेवाव्यात, एवढेच सुचवायचे आहे.

तापीपूर

आमच्याकडे तर आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर असतील की नाही, हाच पहिला प्रश्न असतो. बाकीचे नंतर.

शिरपूरचा_औषधविक्रेता

तापीपूर यांचा मुद्दा रास्त आहे, तो प्रश्नावलीत पहिलाच असावा. मी मात्र यावलच्या ताईंनी लिहिलेल्या पुडीविषयी लिहितो, कारण माझ्या दुकानाच्या काउंटरवरून गावातल्या उपचारांची जी बाजू दिसते ती बहुधा इतर कोणाला दिसत नाही.

डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला स्वतःजवळचे औषध देण्यास कायद्याने मुभा आहे, आणि ज्या पाड्यावर मेडिकल दुकानच नाही तिथे ती आवश्यकही आहे. प्रश्न आहे तो नाव नसलेल्या पुडीचा. पुडीत काय आहे हे लिहिलेले नसेल, तर ॲलर्जी झाल्यावर कशाची झाली ते कळत नाही, दुसरा डॉक्टर तेच औषध पुन्हा देतो आणि दोन्हींचा डोस एकत्र पोटात जातो. याहून गंभीर बाब स्टेरॉइडची आहे. सांधेदुखी, दमा, अंगदुखी यांवर पुडीतून स्टेरॉइड दिले तर दोन दिवसांत माणूस ताजातवाना होतो आणि डॉक्टरांचे नाव पंचक्रोशीत होते. तेच महिनोन्महिने चालू राहिले तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. आणि एकाएकी बंद केले तर जिवावरही बेतू शकते. त्यामुळे 'औषधाने फार लवकर बरे वाटले' हे उत्तर आले की आपल्या कार्यकर्त्याने तिथेच थांबून 'औषधाचे नाव लिहून दिले होते का?' असे विचारावे.

दुसरी गोष्ट अँटिबायोटिकची. त्यांतल्या बऱ्याच औषधांना 2014 पासून एच-1 अनुसूचीत घातलेले आहे. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दिल्यावर आम्हाला रजिस्टरमध्ये रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहावे लागते. पाकिटावर लाल उभी रेघ असते ती याचसाठी. सर्दी-पडशाच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर अँटिबायोटिक दिसत असेल, आणि तेही फक्त दोन दिवसांचे, तर ते दोन्ही अंगांनी चूक आहे. गरज नसताना दिले ही एक चूक, आणि गरज असेल तर अपुरे दिले ही दुसरी. लोकांकडे जुन्या चिठ्ठ्या पडलेल्या असतात. मंडळाने त्या पाहायला मागाव्यात, रुग्णाचे नाव झाकून त्यांचे फोटो घ्यावेत आणि एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्यावेत. माणसाची आठवण चुकते, चिठ्ठी सहसा चुकत नाही.

चिठ्ठी कशी असावी याचेही नियम आहेत. डॉक्टरांचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक तिच्यावर छापलेला असावा, आणि औषध जेनेरिक (कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या) नावाने, वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत 2016 च्या दुरुस्तीने आलेले आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि ती दर 5 वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. भिंतीवर क्रमांकच लावलेला नसेल तर तो विचारण्यात गैर काही नाही.

पाचोरा_वैद्य

मी बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि ग्रामीण भागात दवाखाना चालवतो. वरची चर्चा मी पूर्ण वाचली आणि तिच्यातल्या बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, परंतु आमची बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते.

कपाशी वेचणीच्या दिवसांत मजूर बाई दवाखान्यात येते ती दिवसाची मजुरी बुडवून. तिला संध्याकाळपर्यंत उभे राहायचे असते. मी तिला नीट तपासतो, हा ताप विषाणूचा आहे, भरपूर पाणी प्या, ही गोळी घ्या आणि परवा दाखवा असे सांगतो, तेव्हा ती विचारते, 'साहेब, सुई नही दिली?' मी सुई दिली नाही तर ती बाहेर पडून समोरच्या दवाखान्यात जाते, तिथे सुई घेते आणि पुढच्या वेळेपासून घरातल्या सगळ्यांना तिकडेच नेते. तपासणीचे आणि समजावण्याचे पैसे द्यायला लोक तयार नसतात. टोचलेल्या सुईचे आणि लटकवलेल्या बाटलीचे मात्र लगेच देतात. डॉक्टरांचे मूल्यमापन करताना लोकांनी काय मागितले, याचीही नोंद व्हावी. 'तुम्ही स्वतःहून सुई किंवा सलाईन मागितले होते का?' हा प्रश्न घाला, म्हणजे खरे चित्र दिसेल.

सलाईनविषयी तर प्रत्येक गावात बोलण्याची गरज आहे. 500 मिलिलिटरच्या 5 टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण 100 कॅलरी. रावेर-यावलच्या एका मध्यम आकाराच्या केळ्यातही जवळजवळ तेवढ्याच मिळतात. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, एवढेच असते. अशक्तपणावर ते औषध नव्हे. ज्याला उलट्यांमुळे तोंडाने काही घेता येत नाही, जुलाबाने ज्याचे डोळे खोल गेले आहेत, किंवा मे महिन्याच्या उन्हात शेतात जो कोसळला आहे, त्याच्यासाठी हीच बाटली प्राण वाचवते, आणि तिथे ती तत्काळ लावलीच पाहिजे. जुलाब झालेल्या लहान मुलाला ओ.आर.एस. आणि 14 दिवसांचे झिंक दिले गेले का, हा प्रश्न मात्र अवश्य विचारा. आमच्या कामाची ती अगदी खरी परीक्षा आहे, कारण हा उपचार स्वस्त आहे, सिद्ध झालेला आहे, आणि त्यात डॉक्टरांचा काही आर्थिक लाभ नाही.

सेवानिवृत्त_धुळे

वैद्यराज, आपण हे स्पष्टपणे लिहिलेत याबद्दल आभार. मध्य प्रदेशच्या खेड्यांत आणि दिल्लीत काही वर्षांपूर्वी असा अभ्यास झाला होता की, प्रशिक्षण दिलेली माणसे ठरावीक लक्षणे सांगत रुग्ण म्हणून दवाखान्यांत गेली आणि डॉक्टरांनी काय विचारले, काय तपासले, काय दिले याची त्यांनी बाहेर आल्यावर नोंद केली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, विचारायलाच हवेत असे प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारले गेले नव्हते, आणि पदवी असणारे व नसणारे यांच्या प्रत्यक्ष कामात अपेक्षेइतका फरक नव्हता. पदवी आवश्यक आहेच, तिच्याविषयी मी तडजोड सुचवत नाही. पण पदवीची पाटी पाहून मूल्यमापन संपत नाही, एवढे त्यातून दिसते.

भुसावळ_लेस्टर

मी मूळचा भुसावळचा, गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. इथली पद्धत थोडक्यात सांगतो, कदाचित उपयोग होईल. इथे प्रत्येक रहिवासी एका ठरावीक स्थानिक डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदलेला असतो, त्यामुळे त्याची सर्व कागदपत्रे एका जागी राहतात. केअर क्वालिटी कमिशन नावाची स्वतंत्र संस्था या दवाखान्यांची तपासणी करते आणि पाच गोष्टी पाहते: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीने दिली जाते का, लोकांच्या गरजेनुसार आहे का, आणि दवाखान्याचे नेतृत्व व व्यवस्थापन कसे आहे. त्यावरून चारपैकी एक श्रेणी मिळते आणि ती दवाखान्यात लावावी लागते. याशिवाय रुग्णांना सर्वेक्षणाची प्रश्नावली पाठवली जाते. डॉक्टरांनी पुरेसा वेळ दिला का, ऐकून घेतले का, त्यांच्यावर विश्वास वाटला का, असे प्रश्न तिच्यात असतात.

2004 पासून काही आजारांच्या बाबतीत, उदाहरणार्थ किती रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आहे यावर, दवाखान्याच्या उत्पन्नाचा काही भाग अवलंबून ठेवला गेला. त्यातून नोंदी सुधारल्या. मात्र जे मोजले जाते त्याकडे लक्ष जाते आणि जे मोजले जात नाही ते मागे पडते, अशी टीकाही झाली, आणि मला ती पटते. आपण थोडेच प्रश्न निवडणार असाल तर ते फार विचाराने निवडा.

धुळे_ग्राहक

इंग्लंडसारखी व्यवस्था आपल्याकडे बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठी नाही, हे प्रथम समजून घ्यावे. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, आणि त्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. परंतु हे सर्व रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांना आहे. फक्त तपासून औषध देणाऱ्या दवाखान्यांना तो कायदा लागत नाही. गावातल्या काही दवाखान्यांत मागच्या खोलीत चारपाच खाटा टाकून दिवसभर सलाईन लावले जाते. तिथे नोंदणी आहे का, हे विचारणे मंडळाच्या अधिकारात बसते.

मात्र ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी 2002 च्या आचारसंहितेचे नियम आहेत आणि ते उपयोगाचे आहेत. शुल्क फलकावर लावणे, दाखल रुग्णाच्या नोंदी 3 वर्षे सांभाळणे, आणि रुग्णाने मागितल्यास त्या 72 तासांत देणे, हे त्यात आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे.

एक सूचना कळकळीने करतो. सर्वेक्षणात कोणा डॉक्टरांविषयी वाईट उत्तरे आली, तर ती नावानिशी व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नका. पाचदहा घरांच्या उत्तरांवरून एखाद्याची आयुष्यभराची पत घालवणे अन्यायाचे होईल, आणि संतापलेली माणसे दवाखान्यावर चालून गेली तर तो डॉक्टर व दवाखान्यांवरील हिंसा रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याने गुन्हा आहे.

परिचारिका_नंदुरबार

मी अक्कलकुवा आणि धडगाव भागात काम केले आहे. गुरुजींचे गाव सपाटीवरचे आहे, तरी काही गोष्टी तिथेही लागू पडतील.

बायका दवाखान्याविषयी मोकळेपणाने तेव्हाच बोलतात, जेव्हा विचारणारी बाई असते आणि आजूबाजूला घरातला पुरुष नसतो. आडोसा होता का, तपासताना दुसरी बाई हजर होती का, बाकीच्या रुग्णांसमोर पाळीविषयी मोठ्याने विचारले का, हे प्रश्न पुरुषांनी विचारून उत्तर येणार नाही. गरोदर बाईंना प्रत्येक भेटीत वजन आणि रक्तदाब पाहिला का, रक्तातले हिमोग्लोबिन तपासले का, हेही विचारा. आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची खास तपासणी असते. तिची माहिती गावातल्या किती जणींना आहे, एवढे कळले तरी केंद्राच्या कामाचा अंदाज येईल.

सातपुड्यातले लोक पावरी किंवा भिली बोलतात. डॉक्टरांना ती समजत नाही, आणि मग सोबतचा मुलगा किंवा दीर मधे बोलतो. अशा वेळी बाई अर्धे सांगतच नाही. दवाखान्यात तिची भाषा जाणणारे कोणी होते का, हा प्रश्न आमच्याकडे मी पहिल्या तिनांत ठेवीन. गुरुजी, आपल्या भागात कपाशीच्या किंवा ऊसतोडीच्या कामासाठी डोंगरातून उतरलेली कुटुंबे असतात. त्यांच्या झोपड्यांपर्यंत आपले कार्यकर्ते गेले नाहीत, तर ज्यांना सर्वांत कमी सेवा मिळते त्यांचेच म्हणणे राहून जाईल.

त्यांच्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. हातपाय दुखतात, लहान मूल फिकट दिसते, डोळे पिवळे होतात, आणि वर्षानुवर्षे त्याला वेदनाशामक सुया मिळत राहतात, पण रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी कोणी करत नाही. ती सकारात्मक आली तर पुढची खात्रीची तपासणी शासकीय व्यवस्थेत होते, आणि 2023 पासून यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. वारंवार अंगदुखीने येणाऱ्या आदिवासी मुलाला डॉक्टरांनी ही चाचणी सुचवली का, यावरून त्या दवाखान्याच्या जागरूकतेविषयी मला बरेच काही कळते.

स्वच्छतेचे डोळ्यांनी दिसण्यासारखे आहे. सुई समोर नव्या पाकिटातून काढली का, वापरलेली सुई पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकली का, की टेबलावरच्या ट्रेमध्ये राहिली? जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम लहानातल्या लहान दवाखान्यालाही लागू आहेत. सरकारी केंद्रांसाठी 2015 पासून कायाकल्प योजनेत स्वच्छतेचे गुण दिले जातात; आपल्या केंद्राला किती मिळाले, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्यास ते सांगतील.

तापीपूर

ताई, पण मग हे सर्व आशाताईंकडूनच विचारून घ्यावे का? त्या घरोघरी जातातच.

परिचारिका_नंदुरबार

दादा, आशाताईंना सर्व घरे माहीत असतात हे खरे आहे. परंतु त्यांचा मोबदला आरोग्य केंद्रामार्फत येतो आणि त्याच केंद्राविषयी त्यांनी प्रश्न विचारणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. त्यांनी घर दाखवावे, ओळख करून द्यावी आणि मग बाहेर थांबावे. प्रश्न बचतगटातल्या शिकलेल्या मुलींनी विचारावेत.

गिरणाकाठ (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळाच्या बैठकीत हा संपूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि काही गोष्टी ठरल्या.

ताप, सर्दी, जुलाब यांच्याविषयी लोकांना तीनचार महिन्यांपूर्वीचे नीट आठवत नाही, म्हणून पहिल्या फेरीत आम्ही फक्त मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांकडे जाणार आहोत. ते नेमाने एकाच दवाखान्यात जातात, त्यांच्याकडे कागद असतात, आणि त्यांच्या बाबतीत काय घडायला हवे हे बऱ्यापैकी निश्चित आहे. बचतगटाच्या ताईंनी बायकांशी बोलण्याचे काम स्वीकारले आहे. गावातल्या दोन डॉक्टरांना आम्ही आधीच भेटून आलो. एकांनी लगेच सहकार्य देऊ केले, दुसऱ्यांनी प्रश्नावली पाहून सांगतो असे म्हटले, आणि त्यांचे तसे म्हणणे मला योग्यच वाटते. डोंगरातून आलेल्या मजुरांच्या वस्तीचा मुद्दा ऐकून बैठकीत काही काळ कोणीच बोलले नाही, कारण यादी करताना ती वस्ती आमच्यापैकी कोणी धरलीच नव्हती. आता ती धरली आहे.

सेवानिवृत्त डॉक्टरसाहेबांना विनंती आहे की, या दोन आजारांसाठी नेमके काय विचारावे, ते आमच्या कार्यकर्त्यांना समजेल असे लिहून द्यावे.

सेवानिवृत्त_धुळे

आनंदाने लिहितो.

रक्तदाबासाठी: मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवले होते का? पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या पातळीत आधारावर होता का, की उभ्याउभ्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला? पट्टा बाहीवरून बांधला आणि नुकताच चहा किंवा तंबाखू झालेली असेल, तर आकडा चुकतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर माणूस गोळ्या घेत राहतो. आकडा रुग्णाला सांगितला का आणि लिहून दिला का? शेवटच्या तीन भेटींचे आकडे वहीत असतील तर ते उतरवून घ्या. 140/90 च्या वर ते सातत्याने असतील आणि औषधात काहीच बदल झाला नसेल, तर तो रुग्ण डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा.

मधुमेहासाठी: तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी ही तपासणी गेल्या वर्षात एकदा तरी झाली का, खरे तर दोनदा व्हायला हवी? मोजे-चपला काढायला लावून पाय पाहिले का? डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करण्यासाठी पाठवले का? मूत्रपिंडांसाठी लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहिले का? साखर एकाएकी उतरली तर काय होते आणि तेव्हा काय खावे, हे रुग्णाला सांगता येते का? हा शेवटचा प्रश्न रुग्णाच्या घरातल्या माणसालाही विचारा. आपल्याकडे अनवाणी शेतात जाणारे पुष्कळ लोक आहेत, त्यामुळे पायांच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि माणूस आमच्याकडे येतो तोवर बोट कापण्याची वेळ आलेली असते.

पाचोरा_वैद्य

डॉक्टरसाहेबांच्या यादीत आणखी एकच जोडावे. 'पुढे केव्हा यायचे आणि काय झाले तर त्याआधीच यायचे, हे सांगितले होते का?' आणि जिथे मोठ्या दवाखान्यात पाठवले असेल, तिथे लेखी चिठ्ठी दिली होती का? सर्पदंशाच्या किंवा छातीत दुखणाऱ्या रुग्णाला आम्ही 108 बोलावून पाठवतो. सोबत किती वाजता काय दिले याचा कागद असेल, तर पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

गुरुजी, माझा दवाखाना आपल्या गावापासून फार दूर नाही. प्रश्नावली तयार झाल्यावर पहिल्यांदा माझ्याच रुग्णांना विचारून पाहावी, अशी माझी इच्छा आहे. मधुमेहाच्या रुग्णांची यादी मी त्यांना विचारून, त्यांची परवानगी असेल त्यांचीच देईन. उत्तरे येतील ती मला दाखवण्याआधी सेवानिवृत्त डॉक्टरसाहेबांनी वाचावीत.

गिरणाकाठ (धागाकर्ते)

वैद्यराज, आपले म्हणणे मंडळाला कळवले आणि सर्वांनी ते मान्य केले. दोन्ही प्रश्न यादीत घेतले आहेत. कपाशीची पहिली वेचणी आटोपली की ताईंना घेऊन आपल्याकडे येतो; तोपर्यंत नंदुरबारच्या ताईंनी पावरी बोलणारी एखादी मुलगी सुचवावी, म्हणजे वस्तीवरची विचारपूसही त्याच आठवड्यात सुरू करता येईल.